शहाण्णव टक्के प्रतिकार

माझ्या भावाला मंत्र लागत नाही याचा अख्ख्या तालमीला अभिमान होता आणि मला त्याचा राग होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला चांगली बाई समजायची चूक करणार नाही. रणधीर वाचत नाही. पेपरातलं राशिभविष्यसुद्धा तो दुसऱ्याकडून ऐकतो. त्या भरवशावर हे लिहिते आहे.

मी सुलक्षणा नेजदार. वय चौतीस, राहणार कोल्हापूर. आमची चिंचेची तालीम आजोबांच्या काळात कुस्तीची होती. आता हौदातल्या लाल मातीभोवती दहा खुर्च्या मांडल्या आहेत आणि त्यांवर बसून आम्ही ‘धूम्रगड’ खेळतो. खुर्चीत बसण्याआधी माती कपाळाला लावायची पद्धत मात्र अजून आहे. हसायचं असेल तर हसा. राज्यभरातल्या तीनेकशे तालमी हा ऑनलाइन खेळ खेळतात आणि दर उन्हाळ्यात त्यांचं मैदान भरतं. आमचे वस्ताद बंडा मगदूम यांना मोबाइलवरून फोटो पाठवता येत नाही, पण सहा वर्षांत त्यांनी तीन गदा आणल्या.

खेळ पाचजणांविरुद्ध पाचजणांचा. सगळ्यांत पुढे उभी राहते ती भिंत. शत्रूचे मंत्र तिने अंगावर घ्यायचे. भिंतीमागे मंत्र टाकणारे आणि एक वैद्य. भिंत खचायला लागली की वैद्य तिच्यावर ‘ऊब’ नावाचा मंत्र टाकतो आणि ती पुन्हा उभी राहते. भिंत पडली की खेळ संपला.

पूर्वीच्या असल्या खेळांत प्रतिकार हा नुसता आकडा असायचा. शंभर ताकदीचा मंत्र आला आणि तुमचा प्रतिकार साठ असला, तर चाळीसच लागायचा. तो साठ आणायला गळ्यात ताईत घालायचा, अंगात चिलखत चढवायचं, नाहीतर महिनोन्‌महिने राक्षस मारत बसायचं. धूम्रगडवाल्यांनी ताईत काढून टाकला आणि तिथे माणसाचं खरं अंग आणून ठेवलं.

ते असं. कानाच्या आतल्या वाटीत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक फांदी येते. हा तंतू मेंदूपासून निघून काळीज, फुप्फुसं, पोट असं फिरतो. काळजाची गती, श्वास, पोटातला गोळा, सगळ्यांत त्याचा हात. धूम्रगड खेळताना कानात एक कडी बसवायची. ती कडी त्या फांदीला अगदी बारीक वीज देते, एका ठरावीक लयीत. प्रत्येक मंत्राची लय वेगळी. ‘धडकी’ आली की छाती खरोखर धडधडते, ‘गारठा’ आला की बोटं थंड पडतात, ‘गुंगी’ आली की पापण्या जड होतात. ‘ऊब’ आली की छातीत गरम वाटतं आणि श्वास लांब होतो. मंत्र पोचवून झाला की तीच कडी नाडी आणि घाम मोजते. अंग हललं, मंत्र लागला. अंग हललं नाही, म्हणजे तुम्ही तो परतवला. शेवटच्या हजार मंत्रांची सरासरी म्हणजे तुमचा प्रतिकार.

तो वाढवायचा कसा, तर सवयीने. पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याला गिरणी ऐकू येत नाही. तीच लय हजार वेळा आली की मेंदू तिला दारातच अडवतो. आमच्या वस्तादांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. “अंगावर घेतलेलं वाया जात न्हाई,” एवढंच ते म्हणायचे. पूर्वी फळ्यावर जोर-बैठका लिहायचे, आता मंत्र लिहायला लागले. रोज सकाळी सहाला भिंतीने सहाशे मंत्र अंगावर घ्यायचे, मगच दूध.

जुन्या खेळांतला एक नियम धूम्रगडवाल्यांनी तसाच ठेवला. प्रतिकार आपला-परका बघत नाही. तुमच्याच वैद्याने टाकलेली ऊबही तुमचं अंग परतवून लावतं. ती घ्यायची असेल तर ढाल उतरवावी लागते, म्हणजे श्वास सोडायचा, अंग सैल टाकायचं आणि आलेलं आत घ्यायचं. मंत्र हातमोज्यातून टाकतात आणि बोटांच्या दाबावर लय ठरते, त्यामुळे हाताहाताचा मंत्र वेगळा पडतो. चांगल्या भिंतीला डोळे मिटून कळतं, हा हात कुणाचा. आपल्याच्या हातावर ढाल उतरवायची आणि परक्याच्या हातावर चढवायची, ती अर्ध्या सेकंदात.

चार वर्षं आमची भिंत मी होते.

मग वडील गेले. महिन्याभरात माझा आकडा ब्याण्णवावरून चौऱ्याऐंशीवर आला. धडकी आली की मला खरंच रडू फुटायचं. वस्तादांनी मला हौदाच्या कडेला बोलावलं आणि म्हणाले, “सुले, तुझं मन थाऱ्यावर न्हाई. रणधीरला बसवतोय.” मी म्हटलं ठीक आहे, तात्पुरतं असेल. दोन महिन्यांत मी त्र्याण्णववर आले आणि फळ्यासमोर जाऊन उभी राहिले. वस्तादांनी फळा पुसला. “आता त्येचा जम बसलाय. तू सरावाला टाकत जा त्येच्यावर. तुझा हात जड हाय.”

म्हणजे चार वर्षं अंगावर घेतलेल्या माणसाला त्यांनी नेटमध्ये चेंडू टाकायला उभं केलं. आणि कुणासाठी, तर रणधीरसाठी. सव्वीस वर्षांचा घोडा, शिरोलीत मशीनवर काम करणारा, ज्याची जेवलेली ताटं मी लहानपणापासून उचलली. त्याने एकदाही म्हटलं नाही की आक्का, जागा तुझी आहे. कानात कडी अडकवली आणि म्हणाला, “टाक.”

मी टाकले. सहाशे धडक्या आणि गारठे, रोज, मनापासून. तो डोळासुद्धा हलवायचा नाही. महिन्याभरात तो नव्वदीला पोचला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.

तेव्हा मला सुचलं. ऊबही मंत्रच आहे, तीही सरासरीत धरतात. सरावाच्या शेवटी रोज साठ ऊब टाकल्या, तर त्याचं अंग ऊबेलाही बधिर होईल. फळ्यावरचा आकडा चढेल, वस्ताद खूष होतील, आणि मैदानात वैद्याची ऊब त्याला लागणार नाही. तो पडेल. मग मला बोलवावंच लागेल. इतकं साधं होतं ते.

वस्तादांना मी अर्धंच सांगितलं. “सगळे मंत्र घेऊ दे त्याला. आकडा लवकर चढेल.” वस्तादांना आकडा कळत होता. दुसऱ्या कुठल्या तालमीने ही चूक केली नसती, कारण दुसरीकडे शिकवणारे खेळाडू होते. आमचे वस्ताद पैलवान. पैलवानाने कुठला मार घ्यायचा आणि कुठला नाही असली निवड करायची नसते, ही त्यांची शिकवण.

एकट्या इरफानला कळलं. इरफान मुल्लाणी आमचा वैद्य, भवानी मंडपामागे त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. तो फळ्यासमोर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “आक्का, ऊब सरावात घेऊ नका. उद्या माझा मंत्र लागणार न्हाई त्याला.”

“तुझा हात हलका आहे, म्हणून तुला भीती वाटते,” मी म्हटलं.

पहिले पंधरा-सोळा दिवस रणधीरचा एकूण आकडा उलट घसरला. ऊबेवर त्याचा प्रतिकार शून्य यायचा, अगदी शून्य. मला वाटलं, आळशी आहे, शेवटी शेवटी दमतो. सोळाव्या दिवशी वस्तादांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं आणि सतराव्या दिवसापासून आकडा चढायला लागला. आठ महिन्यांत मी त्याच्यावर बारा हजार ऊब टाकल्या. मैदानाच्या आदल्या दिवशी फळ्यावर शहाण्णव लिहिलं होतं. तालमीबाहेर फटाके लावले पोरांनी.

मैदान मिरजेला होतं, अंतिम सामना तिथल्याच एका तालमीशी. तिसाव्या मिनिटापर्यंत रणधीर हलला नाही. मग शत्रूच्या तिघांनी मिळून एकच मंत्र वाढवत नेला आणि तो खचायला लागला. इरफानने ऊब टाकली. परतली. पुन्हा टाकली. परतली. पडद्यावर इरफानचा मंत्र भिंतीपर्यंत जाऊन विझताना साडेचार हजार माणसांनी पाहिला. इरफान ओरडत होता, “ढाल उतरव, रणधीर, मी हाय,” आणि रणधीर श्वास सोडत होता, खांदे पाडत होता, सगळं करत होता. त्याचं अंग ऐकत नव्हतं. सदतिसाव्या मिनिटाला भिंत पडली.

मी खूष झाले. लपवत नाही.

वस्तादांनी तिथेच इरफानला बाहेर काढलं. वैद्याचा हात हलका, म्हणून भिंत पडली, असं त्यांचं म्हणणं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. इरफानने माझ्याकडे एकदा बघितलं आणि हातमोजा काढून ठेवला. आठवड्याने भिंतीची जागा मला मिळाली. घरात रणधीर आणि मी तसेही मीठ-चटणीपुरतेच बोलत होतो.

मैदानानंतर नवव्या दिवशी सकाळी रणधीर दात घासता घासता पडला.

आईने हाक मारली म्हणून मी धावले. मोरीत तो आडवा, अंग ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. ती फीट चार मिनिटं चालली. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला तेव्हा एक जुना वण सापडला. तीन वर्षांपूर्वी गगनबावड्याच्या घाटात तो गाडीवरून घसरला होता, त्याचा. म्हणजे आजार खेळामुळे नव्हता आणि माझ्यामुळेही नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला, तो जरा लवकरच.

गोळ्या लागू पडल्या नाहीत. एक बदलली, दुसरी दिली, दोन्ही एकत्र दिल्या. फिटा आठवड्याला तीन, मग चार, बहुतेक पहाटे जाग येताना. जुलैमध्ये एक फीट अकरा मिनिटं चालली. डॉक्टर अस्मिता हेर्लेकर वयाने माझ्याएवढ्याच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं. “अकरा मिनिटं फार झाली. यापुढची मोठी फीट आली तर तो परत येईलच असं मी सांगू शकत नाही. एक उपाय आहे. कानातून व्हेगसला लय द्यायची, रोज दोनदा, वीस वीस मिनिटं. गोळ्या न लागणाऱ्या बऱ्याच पेशंटना त्याने उतार पडतो. ती लय मेंदूला शांत करते, वादळ उठूच देत नाही.”

त्यांनी यंत्र आणलं. त्याची कडी आमच्या कडीची सख्खी बहीण होती. लयही कानाला लावून बघताच ओळखली मी. ऊब होती ती, नाव दुसरं.

दहा दिवस यंत्र लावलं. रणधीरच्या नाडीचा ठोका हलला नाही. फिटा चालूच. अकराव्या दिवशी डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाल्या, “असं मी कधी पाहिलेलं नाही. याच्या कानाला आधी काय लावत होता तुम्ही?”

आईने वस्तादांना बोलावलं. वस्ताद छाती काढून म्हणाले, “माझं पोरगं हाय डॉक्टर, शहाण्णव टक्के. सगळे मंत्र घेतल्यात त्येनं, ऊबसुद्धा. मीच सांगितलेलं.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. सरावाच्या सुरुवातीला मी कानात घातलेलं त्यांनी कधीच आपलं करून टाकलं होतं. मला तोंड उघडायची गरजही पडली नाही.

डॉक्टरांनी सरावाच्या नोंदी मागवल्या. धूम्रगडच्या यंत्रात प्रत्येक मंत्र टिपलेला असतो. दुसऱ्या दिवशी त्या रणधीरच्या खाटेजवळ बसून बोलल्या, मी खिडकीशी उभी होते.

“तंतू मेलेला नाही. मेंदू वरून दार लावून घेतो. ऊबेची लय आली की तो ती शत्रूची समजून अडवतो, बारा हजार वेळा त्याने तेच केलंय. आता तुम्ही ठरवूनही ते उघडत नाही.” मग त्यांनी कागद उलटा केला. “पण हे पहिले सोळा दिवस बघा. ऊबेवर प्रतिकार शून्य. म्हणजे तेव्हा दार सताड उघडं होतं. तेव्हा काय वेगळं होतं?”

रणधीर छताकडे बघत होता. फिटांनी त्याचा चेहरा सुजला होता, जीभ चावून चावून बोलणं जड झालं होतं.

“तवा मी ढाल उतरवूनच घ्यायचो,” तो म्हणाला. “पाचशे चाळीस फटके खाल्ल्यावर आक्का शेवटी ऊब टाकायची. मला वाटायचं, एवढं मारलंय, आता जरा बरं वाटू दे म्हणून टाकतीय. घरात कवा सरळ बोलत न्हाई ती. वडील गेल्यापास्नं तर न्हाईच. पण ते साठ मंत्र टाकायची. मी डोळं मिटून घ्यायचो सगळं. मग वस्ताद बोंबलले, आकडा पडाय लागलाय म्हणून. मग घ्यायचं बंद केलं. लई जड गेलं बंद कराय.”

मला लाज वाटली. आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे, म्हणून ती ओळखायलाही वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर पार्किंगमध्ये एक माणूस स्कूटर पुसत होता, तो स्कूटर पुसून निघून गेला तरी मी तिकडेच बघत होते.

“मग तोच हात परत लावून बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “ताई, तुम्ही टाकाल?”

“आक्काच्या हातावर उतरंल माझी,” रणधीर म्हणाला.

माझा हातमोजा वस्तादांनी पाठवून दिला. डॉक्टरांनी तो त्यांच्या यंत्राला जोडला. या यंत्रात सरासरी नव्हती; नाडी आणि घाम बघून दार त्या क्षणाला किती बंद आहे तेच पडद्यावर यायचं. पडद्यावर शहाण्णव दिसत होतं. मी ऊब टाकली. शहाण्णव. दुसरी टाकली. शहाण्णव. चाळिसाव्या मंत्रापर्यंत काही नाही. माझी बोटं घामाने ओली झाली. रणधीर डोळे मिटून म्हणाला, “सावकाश टाक. पयल्यासारखी.” मी सावकाश टाकली. एक्याण्णव. मग सत्तर. मग अठ्ठावीस. विसाव्या मिनिटाला आकडा चारवर होता आणि माझा भाऊ तोंड उघडं टाकून झोपला होता. आई देवाचं नाव घेत होती.

त्या आठवड्यात दोन फिटा आल्या. पुढच्या आठवड्यात एक, छोटी.

डॉक्टरांनी माझा हात यंत्रात टिपून ठेवला, म्हणजे मी नसले तरी काम भागेल. तीन दिवसांत आकडा परत नव्वदला गेला. टिपलेली लय दर वेळी जशीच्या तशी येते, आणि मेंदू ती लगेच पकडतो. जिवंत हात रोज किंचित वेगळा पडतो, आणि त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, डॉक्टर म्हणाल्या, “दार तो तुमच्यासाठी उघडतोय. यंत्रासाठी नाही.” किती दिवस, असं मी विचारलं. वर्ष, दोन वर्षं, कदाचित कायम. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. मध्ये सोडलं तर फिटा परत येणार.

इरफान भेटायला आला तो त्याच सुमारास, दुपारचा. रणधीरशी अर्धा तास बोलून खाली आला. मी पार्किंगमध्ये गाडी काढत होते. तो समोर येऊन उभा राहिला.

“रणधीर सांगत होता. आक्का कशी मायेनं ऊब टाकायची.”

मी गाडी परत स्टँडवर लावली.

“मी तुम्हाला बजावलं होतं. फळ्यासमोर. तुम्हाला सगळं म्हायीत होतं.”

“होतं.”

“मुद्दाम केलंत.”

“मुद्दाम केलं,” मी म्हटलं. त्याला खोटं सांगायची मला गरज वाटली नाही. “तो पडावा म्हणून केलं. तुझी जागा जाईल एवढं ठाऊक नव्हतं.”

“माझ्या जागंचं मरू दे.” त्याचा आवाज चढला नाही. “तो वर तुमचं गुणगान गातोय. मी आत्ता जाऊन सांगणार त्याला.”

“जा. तिसरा मजला, डावीकडे. सांग आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांब. सहा वाजता मी टाकीन तेव्हा पडद्यावर आकडा किती येतो ते बघ. शहाण्णव आला तर पुढची फीट तू थांबव.”

तो जिन्याकडे बघत राहिला. दोन पावलं गेला आणि परत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

“तुम्ही लई वाईट बाई हाय, आक्का.”

“आहेच.”

“मग ऐका. रोज टाकायची. सकाळ-संध्याकाळ. ताप आला तरी, कुणी मेलं तरी. एक दिवस चुकला की मी सांगणार. मी बघाय येत जाईन.”

आणि तो येतो. रणधीर यंत्रासकट घरी आल्यापासून सकाळी दुकान उघडण्याआधी आणि संध्याकाळी दुकान अर्धा तास बंद ठेवून इरफान आमच्या सोप्यात येऊन बसतो. माझ्याशी एक शब्द बोलत नाही. आकडा खाली आलेला बघतो आणि उठतो. आई त्याला चहा देते आणि शेजारणींना सांगते की सख्ख्या भावापेक्षा माया करतोय पोरगा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. कबूल करून टाकलं असतं तर रणधीर मला चार शिव्या घालून मोकळा झाला असता, आणि मीही. पण मोकळं व्हायची चैन मला परवडणारी नव्हती. माझ्या मोकळं होण्याची किंमत त्याने मोरीत पडून भरली असती.

सकाळी सहा ही सरावाचीही वेळ. मी वस्तादांना म्हटलं, मी सातला येते. डॉक्टरांनाही विचारलं, वेळ पुढे ढकलता येईल का. त्या नाही म्हणाल्या, फिटा पहाटेच्याच होत्या. वस्तादांनी महिनाभर वाट बघितली आणि कागलच्या एका पोरीला भिंतीवर बसवलं. फळ्यावरून माझं नाव पुसलं गेलं ते मला दुसऱ्याकडून कळलं. ज्या जागेसाठी मी हे सगळं केलं, ती जागा मी भावाला ऊब टाकत बसले म्हणून गेली. यात देवाचा हात आहे असं आई म्हणाली असती, तिला सांगितलं असतं तर.

परवा रविवारी रणधीरला शेवटची फीट येऊन साडेचार महिने झाले. अंगावर मांस चढलं आहे, कामावर रुजू झाला आहे, मशीनवर नाही पण स्टोअरमध्ये. आणि मूळचा माज परत आला आहे. संध्याकाळी खुर्चीत बसून कानात कडी घालताना म्हणाला, “कागलची पोरगी चांगली खेळतीय म्हणं. सत्त्याऐंशी झाली.”

“मी त्र्याण्णव होते,” मी हातमोजा चढवत म्हटलं.

“आकड्याचं काय. तुला मैदानात जमत न्हवतंच.” तो हसला. “मैदानानंतर तुला भिंत कशी मिळाली वाटलं? मी वस्तादांच्या पाया पडलो, आक्काला द्या म्हणून. त्ये द्यायला तयार न्हवतं. चौतीस वर्षांची बाई कोण घेतंय? माझ्या शब्दावर दिली.”

सोप्यात इरफान चहाचा कप हातात धरून बसला होता. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

वाक्य जिभेवर तयार होतं. तुझी आक्का तुला माया म्हणून टाकत नव्हती रे, तू सगळ्यांसमोर पडावास म्हणून टाकत होती; तू डोळे मिटून घ्यायचास ते विष होतं. अख्ख्या धूम्रगडात ज्याला काही लागत नाही, त्याला शंभर टक्के लागेल असं एकच वाक्य जगात होतं आणि ते माझ्याजवळ होतं. त्याचा तो हसरा चेहरा पुसायला मला तीन सेकंद लागले असते. आणि तो माझ्यासाठी वस्तादांच्या पाया पडला होता, हे ऐकून तर राग कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच.

“काय झालं?” रणधीर म्हणाला. “टाक की. सहा वाजून गेले.”

त्याने डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि एक लांब श्वास टाकला. पडद्यावरचा आकडा शहाण्णववरून एकदम चारवर आला. मी अजून हातसुद्धा उचलला नव्हता.